क्रिएटिनिन ०.८ नॉर्मल आलंय, पण मुलगी सहा वर्षांची आहे, तर ते खरंच नॉर्मल का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला आणि रिपोर्टचे आकडे तुम्ही सगळे लिहिलेत ते बरं केलंत. म्हणजे मुलगी ६ वर्षांची, उंची १०८ सेंटीमीटर, वजन १६ किलो, तान्ही असताना दोनदा लघवीचं इन्फेक्शन होऊन गेलेलं. आता दहा दिवसांपूर्वी ताप आला म्हणून तपासण्या केल्या, त्यात क्रिएटिनिन ०.८, ब्लड युरिया ३४, अल्कलाइन फॉस्फटेज २९० आणि त्याच्यापुढे 'हाय' असं ठळक छापलेलं, लघवीत प्रोटीन १+ आणि पस सेल्स (पांढऱ्या पेशी) ४-६. लॅबमध्ये किडनी नॉर्मल आहे म्हणाले, आणि घरी सगळे त्या अल्कलाइन फॉस्फटेजला आणि पस सेल्सना घाबरून बसलेत.

मी लहान मुलांच्या किडनीचंच काम करतो, वीसेक वर्षं झाली. सरळ सांगतो, तुम्ही ज्याला घाबरलात ते दोन्ही आकडे बहुतेक ठीक आहेत, आणि जो नॉर्मल म्हणून बाजूला ठेवला तोच आकडा मला परत तपासून हवाय. घाबरवायला नाही सांगत, पण हे असं वारंवार होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्रिएटिनिन येतं कुठून ते आधी बघा. ते स्नायूंमधून येतं. स्नायू रोज थोडं थोडं क्रिएटिनिन रक्तात सोडतात आणि किडनी ते गाळून लघवीत टाकते. किडनी कमी गाळायला लागली की रक्तात ते साचतं, आकडा वाढतो. आता ७० किलोच्या माणसाचे स्नायू आणि १६ किलोच्या पोरीचे स्नायू यात किती फरक आहे, मग दोघांचं नॉर्मल एकच कसं असेल? पण रिपोर्टवर बऱ्याच ठिकाणी ०.६ ते १.२ असं छापलेलं असतं, ते मोठ्या माणसांचं आहे, सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरलेलं आणि वय कितीही टाकलं तरी तेच छापून येतं. वर्षाच्या बाळाचं क्रिएटिनिन ०.२-०.३ च्या आसपास असतं, पाच-सहा वर्षांच्या मुलाचं साधारण ०.३ ते ०.५, दहा वर्षांच्या मुलाचं ०.४ ते ०.६, आणि मग वयात येताना मुलांचे स्नायू भरतात तसं ते मोठ्यांच्या जवळ जातं. म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाला ०.८ हे नॉर्मलच्या मधोमध नाही, वरच्या टोकाच्याही बाहेर आहे.

म्हणून आम्ही नुसतं क्रिएटिनिन कधीच वाचत नाही, उंचीबरोबर वाचतो. श्वार्ट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७६ मध्ये हे सूत्र दिलं आणि २००९ मध्ये ते सुधारलं, आज आम्ही ओपीडीत तेच वापरतो: उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, तिला ०.४१३ ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. येणारा आकडा म्हणजे किडनीची गाळण्याची गती, जीएफआर. दोन वर्षांच्या पुढच्या निरोगी मुलात तो ९० च्या वर असायला हवा. तुमच्या मुलीचं करू, १०८ गुणिले ०.४१३ म्हणजे ४४.६, भागिले ०.८, उत्तर ५६. आता हेच ०.८ पंधरा वर्षांच्या १७० सेंटीमीटर उंचीच्या मुलाचं असतं तर उत्तर ८८ आलं असतं आणि मी त्याला बहुतेक घरी पाठवला असता. आकडा तोच, रिपोर्टवरची रेंज तीच, पण एक मूल ठीक आहे आणि दुसऱ्याची किडनी कदाचित निम्म्याच्या थोडी वरच काम करतेय.

कदाचित म्हणालो ते मुद्दाम. कारण ०.८ हा आकडा खरा आहे का हेच मला अजून माहीत नाही, आणि इथे लॅबची पद्धत येते जी पेशंटला कुणी सांगत नाही.

क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी, जाफे पद्धत, १८८६ पासूनची, त्यात पिक्रिक ॲसिड घालून नारिंगी रंग येतो आणि तो रंग मोजतात. स्वस्त आहे म्हणून अजून खूप लॅबमध्ये हीच चालते. अडचण अशी की तो नारिंगी रंग फक्त क्रिएटिनिनचा येत नाही, रक्तातली प्रोटीन्स, साखर, ताप-उलट्यांमध्ये उपाशी राहिल्यावर तयार होणारे कीटोन, काही अँटिबायोटिक्स हे सगळे त्यात थोडा थोडा रंग मिसळतात. मोठ्या माणसाच्या १.० मध्ये ०.२ ची चूक झाली तर फार बिघडत नाही, पण मुलाच्या ०.४ मध्ये ०.२ ची चूक म्हणजे निम्मी चूक झाली. दुसरी पद्धत एन्झायमॅटिक, ती थोडी महाग पण लहान मुलांसाठी तीच करायची, आणि वरचं ०.४१३ चं सूत्रही त्याच पद्धतीवर बेतलेलं आहे. तुमच्या मुलीचं एन्झायमॅटिक पद्धतीने ०.५ आलं तर जीएफआर ८९ होतो, आणि मग चित्रच बदलतं. शिवाय हे सूत्र किडनीचा आजार असलेल्या मुलांवर बसवलेलं आहे, त्यामुळे तब्येतीने ठणठणीत मुलात ते जरा कमीच आकडा दाखवतं, म्हणजे ८५-९० आलं तर मी त्याला आजार म्हणणार नाही. पण ५६ ला मी सोडणार नाही.

म्हणून पहिलं काम, आठ-दहा दिवसांनी ताप पूर्ण गेलेला असताना, पोरगी नीट खातपीत असताना परत रक्त द्या आणि लॅबला आधी फोन करून विचारा की क्रिएटिनिन एन्झायमॅटिक पद्धतीने करता का. नसेल करत तर दुसरीकडे जा, मोठ्या शहरातल्या लॅबकडे सँपल पाठवता येतं. आदल्या रात्री मटण-चिकन नको, शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. आणि हो, तापात काय औषध दिलं होतं तेही लिहून आणा. मेफेनॅमिक किंवा आयबुप्रोफेन असलेलं सिरप आणि त्यात मूल पाणी पीत नाहीये, उलट्या-जुलाब चालू आहेत, हे कॉम्बिनेशन मुलांच्या किडनीला खरंच जड जातं, माझ्याकडे दर पावसाळ्यात अशी दोन-तीन मुलं येतातच. आणि लघवीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकचा रोजचा डोस चालू असेल तर तेही सांगा, त्यातल्या ट्रायमेथोप्रिममुळे किडनीला काही न होता नुसतं क्रिएटिनिन थोडं चढतं.

आता तुमची मुलगी बारीक आहे, १६ किलो, म्हणजे स्नायू आधीच कमी, म्हणजे तिचं क्रिएटिनिन इतरांपेक्षा अजून कमी असायला हवं. हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो मला. कुपोषित मुलं, स्नायूंचा आजार असलेली मुलं, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली मुलं यांच्यात क्रिएटिनिन फसवतं, किडनी अर्धी गेलेली असते आणि आकडा ०.४ छान दिसतो. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी करतो. हे प्रोटीन स्नायूंवर अवलंबून नाही, शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी ते तयार करतात आणि किडनी गाळते, त्यामुळे मूल बारीक असो की जाड, फारसा फरक पडत नाही, उंचीही लागत नाही. महाग आहे, सगळीकडे होत नाही, आणि त्याच्याही अडचणी आहेत, स्टेरॉइड चालू असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तर तेही इकडचं तिकडे होतं. दोन्ही मिळून वाचलं तर सगळ्यात भरवशाचं. तुमच्या परत केलेल्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ०.६ च्या वर राहिलं तर मी सिस्टॅटिन सी करायला सांगेन, त्याआधी नको.

बाकी रक्ताच्या आकड्यांचं पटकन. युरिया ३४ ठीक आहे. इथे एक गोंधळ नेहमी होतो, काही लॅब ब्लड युरिया देतात आणि काही बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन देतात, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया होतो, म्हणजे एका लॅबचं १६ आणि दुसरीचं ३४ एकच आहे, मागच्या महिन्यापेक्षा दुप्पट झालं म्हणून रडत आलेली आई मी पाहिलीय. अल्कलाइन फॉस्फटेज २९० हे वाढत्या मुलाचं अगदी नॉर्मल आहे, हाडं वाढतायत म्हणून ते जास्त असतं, तिथेही रेंज मोठ्यांची छापलेली. फॉस्फरसचंही तसंच, मुलांचं मोठ्यांपेक्षा जास्तच असतं. आणि कधी पोटॅशियम ६ आलं तर आधी विचारा की रक्त काढताना बाळ किती रडलं, बोट पिळून पिळून काढलं का, कारण रक्तपेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. असं असलं तरी दुर्लक्ष करायचं नाही, त्याच दिवशी परत करायचं, कारण खरं असेल तर ते हृदयाला धोक्याचं आहे.

नवजात बाळांचंही एक वाक्य, कारण त्याचे प्रश्न खूप येतात. जन्मल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन आईचं असतं, नाळेतून आलेलं, त्यावरून बाळाच्या किडनीबद्दल काही बोलता येत नाही, ते दिवसागणिक उतरतंय का हे बघायचं. आणि बाळाची किडनी जन्मतः कमीच गाळते, दुसऱ्या वर्षापर्यंत ती मोठ्यांच्या पातळीला येते, त्यामुळे तीन महिन्यांच्या बाळाला ९० चा नियम लावू नका.

आता लघवी. खरं सांगू का, माझा जास्त विश्वास लघवीवर आहे. रक्तातलं क्रिएटिनिन उशिरा बोलतं, किडनीचा बराच भाग काम करेनासा होईपर्यंत ते नॉर्मलमध्ये बसू शकतं. लघवीतलं प्रोटीन त्याच्या किती तरी आधी दिसायला लागतं, आणि त्याला सुई लागत नाही. जपानमध्ये १९७४ पासून शाळेतल्या मुलांची दरवर्षी लघवी तपासतात, मुलं सकाळची लघवी घरून बाटलीत घेऊन जातात. आपल्याकडे निदान ज्या मुलांना धोका आहे त्यांची तरी वर्षातून एकदा व्हावी असं मला मनापासून वाटतं: कमी दिवसांची जन्मलेली, जन्मतः एकच किडनी असलेली, आणि तुमच्या मुलीसारखी लहानपणी इन्फेक्शन होऊन गेलेली. किडनीच्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भात साधारण ३६ आठवड्यांपर्यंतच तयार होतात, नंतर नवीन होत नाहीत, म्हणून सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाकडे शिल्लक कमी असते.

प्रोटीन १+ चं काय करायचं? एका १+ वरून काहीच ठरवायचं नाही. तापात येतं, धावपळ केल्यावर येतं, लघवी घट्ट असेल तर लघवीत बुडवायची रंगपट्टी उगाच १+ दाखवते. काही मुलांमध्ये, जास्त करून शाळकरी वयात, दिवसभर उभं राहिल्यावर प्रोटीन येतं आणि रात्री झोपल्यावर थांबतं, त्याने किडनीला काही होत नाही. म्हणून सकाळची पहिली लघवी हवी, रात्री झोपताना लघवी करून झोपवायचं आणि उठल्या उठल्या, इकडेतिकडे फिरायच्या आत पकडायची. त्यात प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करायला सांगा. पूर्वी २४ तासांची लघवी गोळा करायला लावायचे, सहा वर्षांच्या मुलाची ती कुणाला जमते सांगा, एकदा शाळेत गेली की हिशोब चुकला. रेशोचं तसं नाही, लघवी घट्ट असो की पातळ, प्रोटीन आणि क्रिएटिनिन दोन्ही त्याच प्रमाणात बदलतात, भागाकार तोच राहतो. दोन वर्षांच्या पुढच्या मुलात तो ०.२ च्या आत हवा, दोनच्या आतल्या बाळात ०.५ पर्यंत चालतो, आणि २ च्या वर गेला तर ते नेफ्रोटिकच्या (लघवीतून खूप प्रोटीन जाऊन अंगाला सूज येते त्या आजाराच्या) पातळीचं, म्हणजे बरंच जास्त. युनिट मात्र बघा, एक लॅब ०.२ लिहिते आणि दुसरी तेच २०० मिलीग्रॅम प्रति ग्रॅम लिहिते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात राहणारे आईबाप मला रिपोर्ट पाठवतात त्यात क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असतं, त्याला ८८.४ ने भागलं की आपला आकडा मिळतो.

पस सेल्स ४-६ बद्दल निश्चिंत राहा. मुलींमध्ये बाहेरच्या त्वचेवरून थोड्या पेशी येतातच. लघवीची जळजळ नाही, ताप गेलाय, पोटात दुखत नाही, तर नुसत्या पस सेल्ससाठी अँटिबायोटिक देऊ नका. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू उगवून बघायची तपासणी, करायचीच असेल तर नीट करा, आधी साबण न वापरता साध्या पाण्याने धुवून, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत, आणि तासाभरात लॅबला पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. चिकटवायची पिशवी लावून घेतलेल्या लघवीचं कल्चर पॉझिटिव्ह आलं तर त्यावर मी औषध सुरू करत नाही, त्यात कातडीवरचेच जंतू उगवतात. लहान बाळांना नळीने थोडी लघवी काढून घेतात तेव्हा आयांना वाईट वाटतं, मला कळतं, पण चुकीच्या कल्चरमुळे दहा दिवस अँटिबायोटिक, मग स्कॅन, मग वर्षभराची काळजी हे त्याहून वाईट आहे.

नेफ्रोटिक सिंड्रोमवाले आईबाबाही हे वाचतील म्हणून त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी घरची पट्टी आणि वही हीच खरी लॅब. रोज सकाळी पट्टी बुडवायची, घड्याळ लावून डबीवर लिहिलेल्या वेळेलाच रंग बघायचा, बहुतेक पट्ट्यांना प्रोटीनसाठी ६० सेकंद असतात, पाच मिनिटांनी बघितला तर तो रंग खोटा. डबीचं झाकण लगेच लावा, कोकणात पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या आठवड्यात खराब झालेल्या बघितल्यात मी. लागोपाठ तीन दिवस ३+ किंवा ४+ आलं की आजार उलटला, डॉक्टरांना फोन. लागोपाठ तीन दिवस निल किंवा ट्रेस म्हणजे उतरला. एका दिवसाच्या २+ वर स्वतःच्या मनाने स्टेरॉइड वाढवू नका, सर्दी-खोकल्यात ते येतं आणि बऱ्याचदा आपोआप जातं. जी आई वही नीट ठेवते तिच्या मुलाला सूज यायच्या आधीच आम्ही पकडतो, आणि मग ॲडमिट करायची वेळ सहसा येत नाही.

लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी झाली तर आधी बीट खाल्लं का, टीबीची रिफाम्पिसिन चालू आहे का ते बघा. नसेल तर तपासा. घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी, किंवा खरजेच्या फोडांमध्ये पू होऊन गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी चहासारखी लघवी, डोळ्यांभोवती सूज आणि बीपी वाढलेलं, हा खेड्यापाड्यात अजूनही दिसणारा आजार आहे. त्यात रक्तातलं सी३ नावाचं प्रतिकारशक्तीचं प्रोटीन कमी होतं, दीड-दोन महिन्यांत परत वर येतं. नाही आलं तर मग मी दुसरा आजार शोधायला लागतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता करायची. मूल सहा-आठ तास लघवीलाच गेलं नाही, किंवा अगदी थेंबभर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडे खोकल्याच्या विषारी सिरपने वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणली होती. त्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने किडनी बंद पडते, आणि घरात दिसणारी पहिली खूण बहुतेक हीच असते, साध्या सर्दी-तापाच्या मुलाची लघवी कमी कमी होत जाते. क्रिएटिनिन एक-दोन दिवस मागून चढतं, लघवी आधी सांगते.

तर तुमच्या मुलीसाठी माझा क्रम असा. आठ-दहा दिवसांनी एन्झायमॅटिक क्रिएटिनिन, त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन. बायकार्बोनेट मुद्दाम लिहिलं, किडनी ॲसिड बाहेर टाकत नसेल तर मुलांची उंची-वजन अडतं आणि ही तपासणी नेहमी राहून जाते. सकाळच्या पहिल्या लघवीत प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो. लहानपणी दोनदा इन्फेक्शन झालंय म्हणून पोटाची सोनोग्राफी, त्यात दोन्ही किडन्यांची लांबी लिहून मागा. आणि बीपी, मुलांच्या छोट्या पट्ट्याने, मोठ्यांचा पट्टा लावला तर बीपी खोटं कमी येतं. हे चारही नीट असेल तर वर्षातून एकदा लघवी आणि बीपी पुरे. क्रिएटिनिन परत ०.७-०.८ आलं किंवा एक किडनी लहान दिसली तर मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे जाच, तिथे डीएमएसए स्कॅन करून जुन्या इन्फेक्शनचा व्रण राहिलाय का ते बघतील. एनजीएएल वगैरे किडनीच्या इजेच्या नवीन मार्करची पॅकेजेस कुणी सुचवली तर आत्ता पैसे घालू नका, ते आयसीयूतल्या मुलांसाठी कामाचं आहे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

आणि रक्त द्यायला जाल त्या दिवशी उंची नव्याने मोजा, शाळेच्या कार्डावरची नको. चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून, आणि तो आकडा रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा. जुने रिपोर्ट सापडले तर तेही पाठवा, तान्ही असतानाचं इन्फेक्शनच्या वेळचं क्रिएटिनिन मिळालं तर मला फार उपयोग होईल.